ताबा पावती आणि सरकारी वकील

मागच्या रविवारी शेजारच्या काकांनी मला जिन्यातच थांबवलं. शहापूरकडं त्यांची वडिलोपार्जित सव्वा एकर जमीन आहे आणि तिच्यावर भूसंपादनाची नोटीस आली आहे. हातात नोटिशीची झेरॉक्स, चष्मा कपाळावर. म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्याच खात्यात होता, म्हणून विचारतो. उद्या हायकोर्टात जायची वेळ आली तर समोर सरकारी वकील. म्हणजे तो आपल्या विरुद्धच ना? वकील सरकारचा, कोर्टही सरकारचंच. मग आपलं ऐकणार कोण?"

मी तिथंच भाजीची पिशवी खाली ठेवून दहा मिनिटं बोलले. काका मान हलवत होते, पण त्यांना पटलं नव्हतं हे दिसत होतं. मलाही माझं उत्तर अर्धवटच वाटलं. रात्री झोप लागेना, कारण काकांच्या त्या प्रश्नानं एक जुनं मॅटर डोळ्यांपुढं उभं केलं होतं. ते सांगितल्याशिवाय मला हे नीट समजावता येणार नाही.

मी महसूल खात्यात १९८८ ला लिपिक म्हणून लागले आणि २०१९ ला अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. शेवटची सात वर्षं ठाणे जिल्ह्यातल्या एका भूसंपादन कार्यालयात माझ्याकडं कोर्टाचं टेबल होतं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. कोर्टाचं टेबल म्हणजे काय, तर कार्यालयावर जेवढे म्हणून दावे आणि याचिका लागतील त्यांची नोंदवही ठेवायची, जुन्या नस्त्या, म्हणजे फायली, अभिलेख कक्षातून शोधून काढायच्या, याचिकेतल्या एकेका परिच्छेदावर कार्यालयाचं म्हणणं लिहायचं आणि ते घेऊन हायकोर्टाच्या सरकारी वकिलांकडं जायचं. आम्ही त्याला 'पॅरावाईज' म्हणायचो. साहेबांची सही झाली की पॅरावाईज पिशवीत घालून निघायचं. कळव्याला फास्ट थांबत नाही, म्हणून स्लोनं ठाण्याला जायचं, तिथं गाडी बदलायची, सीएसएमटीला उतरायचं आणि फोर्टातून चालत हुतात्मा चौकावरून हायकोर्ट. पावसाळ्यात नस्ती भिजू नये म्हणून मी ती आधी दुधाच्या पिशव्यांत आणि मग कापडात बांधायची. मूळ कागद असायचे त्यात. गेले तर गेलेच.

आता काकांचा प्रश्न. आधी दुसरा अर्धा घेते: कोर्ट सरकारचंच ना?

नाही. हायकोर्टाच्या न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपतींकडून होते, राज्य सरकारकडून नाही. त्यांचे पगार राज्याच्या तिजोरीतून जातात हे खरं, पण तो खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर 'भारित' असतो. म्हणजे विधानसभेत त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. एखाद्या न्यायाधीशाचा निकाल सरकारला झोंबला म्हणून कोणी त्याचा पगार अडवू शकत नाही. घटना लिहिणाऱ्यांनी हे किती बारकाईनं पाहिलं होतं ते मला नोकरीत असताना कळलं, कारण अर्थसंकल्पाच्या कागदांत 'भारित' आणि 'दत्तमत' (मतदानानं मंजूर होणारा खर्च) असे दोन रकाने आम्ही रोज पाहायचो आणि त्यांचा अर्थ कोणी विचारायचं नाही.

आणि आपल्याकडं कोर्टांची उतरंड एकच आहे. अमेरिकेत राज्यांची कोर्टं वेगळी आणि केंद्राची वेगळी. आपलं हायकोर्ट राज्याचा कायदाही बघतं आणि संसदेचाही. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीनं केंद्राच्या कायद्याची वैधता तपासायचा हायकोर्टांचा अधिकार काढून घेतला होता, पण ४३ व्या दुरुस्तीनं तो परत आला. तेव्हा कोर्ट एकच, पण सरकारं दोन, आणि त्या दोन सरकारांचे वकील वेगवेगळे. केंद्राचे महान्यायवादी, अनुच्छेद ७६. राज्याचे महाधिवक्ता, अनुच्छेद १६५. महाधिवक्त्याला राज्यपाल नेमतात, आणि हायकोर्टाचा न्यायाधीश व्हायची ज्याची पात्रता आहे अशालाच नेमता येतं. त्याला विधिमंडळात जाऊन बोलायचा अधिकार आहे, मत द्यायचा नाही. मुंबई राज्याचे आणि पुढं महाराष्ट्राचे महाधिवक्ता म्हणून एच. एम. सीरवाई १९५७ पासून १९७४ पर्यंत होते, सतरा वर्षं. मधे १९६० ला राज्य दुभंगलं, गुजरातचं हायकोर्ट वेगळं झालं, मुख्यमंत्री बदलले, पण ते त्या जागी राहिले. आता इतका काळ कोणी राहत नाही.

महाधिवक्त्याच्या खाली सरकारी वकील, अतिरिक्त सरकारी वकील आणि सहायक सरकारी वकील, म्हणजे ज्यांना सगळे ए.जी.पी. म्हणतात ते. शासनाच्या कागदांत या सगळ्यांना विधि अधिकारी म्हणतात. त्यांच्या नेमणुकीचे आणि मानधनाचे नियम १९८४ चे आहेत. फौजदारीचे अभियोक्ते वेगळे. तो माझा प्रांत नाही. आमच्यासारख्यांचा संबंध यायचा तो ए.जी.पीं.शी. महाधिवक्ता मोठ्या मॅटरला उभे राहायचे, आमचा सातबारा मांडायचे ते ए.जी.पी. एकेका दिवशी एकीच्या नावावर पंचवीस-तीस मॅटर बोर्डावर असायचे आणि प्रत्येक मॅटरला माझ्यासारखं कोणीतरी पिशवी घेऊन मागं उभं.

ते जुनं मॅटर २०१५ चं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका गावचे आजोबा, वय पंचाहत्तरच्या पुढं, आगरी, जमीन एकोणतीस गुंठे. भूसंपादनाचा निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, २००७ मध्ये झाला होता. जमीन हवी होती केंद्र सरकारच्या एका विभागाला, संपादन करून द्यायची आमच्या कार्यालयानं, म्हणजे राज्यानं. हे असंच असतं. घटनेच्या सातव्या अनुसूचीत जमीन राज्याच्या सूचीत आहे आणि संपादन समवर्ती सूचीत. केंद्राला जागा हवी असली तरी गावात जाऊन मोजणी करणारा, नोटीस चिकटवणारा माणूस राज्याचाच असतो. पैसे द्यायचे केंद्राच्या विभागानं, वाटायचे आम्ही.

आजोबांना पैसे मिळाले नव्हते. जमिनीवर त्यांचा भाताचा तुकडा आणि एक शेड तशीच होती. २०१३ चा नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ ला लागू झाला. त्याच्या कलम २४(२) मध्ये अशी तरतूद आली की जुन्या कायद्याखालचा निवाडा पाच किंवा जास्त वर्षांपूर्वीचा असेल आणि प्रत्यक्ष ताबा घेतला नसेल किंवा मोबदला दिला नसेल, तर ते संपादन व्यपगत झालं, म्हणजे आपोआप संपलं, असं समजायचं. त्यानंतर आमच्या टेबलावर याचिकांचा पूर आला. मी नोंदवहीला दुसरी वही जोडली होती.

आजोबा याचिका करायच्या आधी आमच्या कार्यालयात आले होते. मुलगा बरोबर होता. मी त्यांना सांगितलं की पैसे केंद्राच्या विभागाकडून यायचे आहेत, त्यांचं मुख्यालय दिल्लीला आहे. हे मी सहज बोलून गेले. आजोबा खुर्चीवर बसले होते ते पुढं झुकले. "म्हंजे आता दिल्लीला जावाचा हाय का गो बाय आमाला?"

तेव्हा मी "नाही नाही, मुंबईतच होतं" एवढंच म्हणाले, पण का होतं ते मलाही माहीत नव्हतं. ते मला सांगितलं आमच्या ए.जी.पी. मॅडमनी, पुढं एकदा, हायकोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये, मॅटर पुकारायची वाट बघताना. मी ते घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं.

घटना आली १९५० ला. अनुच्छेद २२६ नं हायकोर्टाला रिट, म्हणजे सरकारला बांधील असा आदेश, काढायचा अधिकार दिला, पण आपल्या क्षेत्राच्या आतल्या व्यक्तीवर आणि प्राधिकरणावर. मद्रासच्या विधानसभेतल्या एका सदस्याचं अपात्रतेचं प्रकरण निवडणूक आयोगापुढं होतं, त्याविरुद्ध मद्रास हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं आदेश दिला. १९५३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, आयोगाचं कार्यालय दिल्लीत, मद्रासच्या हायकोर्टाचा हात तिथं पोचत नाही. १९६१ मध्ये पुन्हा तेच. जम्मू-काश्मीरचे एक लेफ्टनंट कर्नल निवृत्तीच्या आदेशाविरुद्ध तिथल्या हायकोर्टात गेले. निकाल लागला की केंद्र सरकार दिल्लीत आहे, तेव्हा तिकडं जा. आणि त्या वेळी दिल्लीला स्वतःचं हायकोर्टही नव्हतं, ते १९६६ ला आलं. तोवर दिल्ली पंजाब हायकोर्टाखाली होती. म्हणजे केंद्र सरकारनं ज्याच्यावर अन्याय केला तो माणूस त्रावणकोरचा असो की ठाण्याचा, त्यानं गाठोडं बांधून उत्तरेला जायचं.

मग संसदेनं १९६३ मध्ये १५ वी घटनादुरुस्ती केली. तक्रारीचं कारण पूर्ण किंवा अंशतः जिथं घडलं, तिथलं हायकोर्टही रिट काढू शकेल, सरकार कुठंही बसलेलं असो. आज हे अनुच्छेद २२६ चं दुसरं खंड आहे. 'अंशतः' हा त्यातला शब्द मला फार मोलाचा वाटतो. एकोणतीस गुंठ्यांचा तुकडा ठाणे जिल्ह्यात आहे, एवढ्यावर दिल्लीच्या विभागाला मुंबईत येऊन उत्तर द्यावं लागतं.

मी मॅडमना म्हटलं, "पण केंद्र आणि राज्य यांचं भांडण असलं तर ते थेट सुप्रीम कोर्टात जातं ना?" आमच्या कार्यालयात एका साहेबांनी तसं म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "अनुच्छेद १३१ म्हणता तुम्ही. तो सरकारा-सरकारांतल्या दाव्यासाठी. इथं दारात आजोबा उभे आहेत. माणूस पक्षकार झाला की ते १३१ राहत नाही."

हायकोर्टाच्या क्षेत्राची गंमत, खरं तर गुंतागुंत, आपल्या ठाणेकरांना रोज पायाखाली असते. मुलुंड चेकनाका ओलांडला की बृहन्मुंबई संपते. चेकनाक्याच्या अलीकडच्या, मुलुंडच्या माणसाची रिट याचिका हायकोर्टाच्या मूळ शाखेत जाते, म्हणजे ओरिजिनल साइडला. पलीकडच्या ठाण्याच्या माणसाची अपिलीय शाखेत. इमारत तीच, न्यायाधीश तेच, पण सरकारी वकिलांची कार्यालयं दोन. कोर्टाच्या टेबलावरच्या पहिल्या वर्षी मी मुलुंडच्या हद्दीतली एक नस्ती चुकून अपिलीय शाखेच्या कार्यालयात देऊन आले होते आणि पूर्ण दिवस गेला होता. आणि क्षेत्र तर महाराष्ट्रापुरतंही नाही. तेच हायकोर्ट गोव्याचं, तेच दादरा नगर हवेली आणि दमण-दीवचं. तलासरीला काम केलेले एक सहकारी सांगायचे, रस्त्याच्या या बाजूचा वारली महाराष्ट्र सरकारविरुद्ध जातो, त्याचा मेव्हणा त्या बाजूला दादरा नगर हवेलीत, तो केंद्रशासित प्रशासनाविरुद्ध. दोघांचं हायकोर्ट एकच, समोरचा वकील मात्र निराळा. गोव्याला तर स्वतःचा महाधिवक्ता आहे. न्यायालयाच्या नकाशाची रेघ आणि सरकारच्या नकाशाची रेघ एकावर एक बसत नाही. घटनेनं ती मुद्दामच तशी ठेवली आहे, दोन राज्यांना मिळून एक हायकोर्ट असू शकतं असं अनुच्छेद २३१ म्हणतो.

माझी धाकटी बहीण सांगलीला असते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्या संध्याकाळी तिचा फोन आला. तिच्या दिरांचं वाटणीचं अपील बारा वर्षं मुंबईत पडलं आहे. "ताई, आता रात्रीची गाडी नको," म्हणाली आणि रडली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची किती वर्षांची मागणी होती ती. राज्य पुनर्रचना कायद्याच्या, १९५६ च्या, कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्तींना असं ठिकाण ठरवता येतं. औरंगाबादचं बेंचही १९८१ मध्ये त्याच कलमाखाली सुरू झालं होतं.

परत आजोबांकडं.

याचिकेत तीन प्रतिवादी होते. महाराष्ट्र शासन, आमचे भूसंपादन अधिकारी आणि केंद्राचा तो विभाग. मी अभिलेख कक्षात तीन दिवस बसून नस्ती जुळवली. पैशांचं असं होतं की विभागाची मोबदल्याची रक्कम आमच्या रोकडवहीत आली होती २०१४ च्या मार्चमध्ये, म्हणजे नवा कायदा लागू झाल्यानंतर. विभागाचं म्हणणं मात्र होतं की आम्ही आधीच वर्ग केली. आणि ताबा? नस्तीत एक ताबा पावती होती, २००८ ची तारीख. टंकलिखित मजकूर, खाली पंचांसाठी दोन रेघा, दोन्ही कोऱ्या. तलाठ्याची सही होती. ते तलाठी मला माहीत होते, कारण मी पूर्वी आस्थापना शाखेत असताना त्यांच्या बदलीचा आदेश मीच टाइप केला होता. ते त्या सजावर, म्हणजे त्या गावाच्या कामावर, रुजूच २०१० ला झाले होते.

मी हे साहेबांना दाखवलं. ते बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "कागद आहे ना नस्तीत? मग लिहा, ताबा दिनांक अमुक रोजी घेतला आहे. बाकी कोर्ट बघेल."

मी लिहिलं. हे मला इथं सांगितलंच पाहिजे. मी पॅरावाईजमध्ये, परिच्छेद ९ पुढं, स्वच्छ अक्षरात लिहिलं की ताबा २००८ मध्ये रीतसर घेण्यात आला आहे. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती, मुलीचं शिक्षण चालू होतं, साहेबांच्या हातात माझा गोपनीय अहवाल होता. ही कारणं आहेत. त्यांनी लिहिलेलं खरं होत नाही.

ए.जी.पी. मॅडम तेव्हा पस्तिशीच्या असतील. त्यांनी पॅरावाईज वाचलं, मग नस्ती मागितली. बहुतेक वकील नस्ती बघत नाहीत, वेळच नसतो. त्यांनी ताबा पावती काढून टेबलावर सपाट ठेवली आणि विचारलं, "पंच कोण होते?"

मी गप्प.

त्या मला म्हणाल्या, "मॅडम, उद्या मी कोर्टात उभी राहून म्हणणार, ऑन इन्स्ट्रक्शन्स, म्हणजे तुमच्या कार्यालयाच्या सांगण्यावरून, ताबा घेतला आहे. ते माझ्या नावानं आदेशात टाइप होतं. कोर्ट माझ्या शब्दावर विश्वास ठेवतं, कागद मागत नाही, कारण मी सरकारतर्फे उभी आहे. सरकार म्हणजे तुमचे साहेब नव्हेत. त्या आजोबांचंही सरकार आहे ते."

मग मी तलाठ्याच्या बदलीचं सांगितलं. सगळं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी माझ्यासमोरच साहेबांना फोन लावला आणि शांतपणे सांगितलं की शपथपत्र हे तुम्ही शपथेवर करणार आहात, या कागदावर मी ते दाखल करणार नाही, हवं तर सरकारी वकिलांशी बोला, ते मॅटर दुसऱ्या कोणाला देतील. साहेब चिडले. फोनमधून त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. पण दुसऱ्या दिवशी सुधारित पॅरावाईज गेलं: ताबा पावती अभिलेखात आहे, तिच्यावर पंचांच्या सह्या नाहीत, प्रत्यक्ष ताब्याबाबत अन्य पुरावा आढळून आला नाही. ही वाक्यंही मीच लिहिली, आणि लिहिताना हात हलका झाला होता.

सुनावणीच्या दिवशी आजोबा मुलाच्या हाताला धरून कोर्टात मागच्या बाकावर होते. केंद्राच्या विभागाचे वकील उठले आणि म्हणाले, आम्ही पैसे भरले आहेत, दिरंगाई असेल तर राज्याची. न्यायमूर्तींनी आमच्या मॅडमकडं बघितलं. त्या म्हणाल्या, रक्कम २०१४ च्या मार्चमध्ये आली, रोकडवहीचा उतारा जोडला आहे. आणि ताब्याबद्दल अभिलेख जे दाखवतो तेवढंच मी सांगू शकते. केंद्राचे वकील सूचना घेण्यासाठी वेळ मागू लागले. दोन सरकारं एकाच टेबलाच्या दोन टोकांना, आणि दोघांनाही तिथंच, त्याच दिवशी उत्तर देणं भाग. १९६३ च्या आधी हे दृश्य मुंबईत दिसलंच नसतं.

दोन तारखांनंतर निकाल लागला. संपादन व्यपगत. मोबदला दिलेला नाही, ताबाही घेतलेला नाही, दोन्ही गोष्टी नाहीत. पुढं ६ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २४(२) मधल्या त्या 'किंवा'चा अर्थ बदलला आणि सांगितलं की दोन्ही गोष्टी घडलेल्या नसतील तरच संपादन व्यपगत होईल. अनेक जुने निकाल त्यानं डळमळले. आजोबांचं मॅटर त्याही कसोटीला उतरलं असतं, आणि तसं उतरलं असतं ते फक्त ताब्याबद्दल खरं सांगितलं गेलं म्हणून. तो एक खोटा परिच्छेद राहिला असता तर पुढच्या कायद्याखाली आजोबांकडं काहीच उरलं नसतं. निकालाच्या वेळी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मॅडमनाही नव्हतं.

विभागाला जमीन हवीच होती. नव्या कायद्यानं पुन्हा संपादन झालं, मोबदला नव्या दरानं, आणि या वेळी तो आधी दिला गेला. ताबा घ्यायला मी सर्कलसाहेबांबरोबर मुद्दाम गेले. दोन पंच, दोघांच्या सह्या, आजोबांचा अंगठा. त्यांनी शेडमधलं लाकूड आणि नांगराचा फाळ काढून नेला. जमीन गेल्याचं दुःख पैशानं जात नाही, ते चेहऱ्यावर होतंच.

ए.जी.पी. मॅडमची मुदत पुढं वाढली नाही. का, ते मी सांगू शकत नाही. कारण कळवण्याची पद्धतच नाही. विधि अधिकारी सरकारच्या मर्जीवर असतात, सरकार बदललं की पॅनेल बदलतं, हे गृहीत धरलं जातं. हे मला मान्य नाही. उत्तर प्रदेश सरकारनं १९९० मध्ये एका परिपत्रकानं राज्यभरातले सगळे जिल्हा सरकारी वकील एकदम काढले होते, तेव्हा सुप्रीम कोर्टानं ते मनमानी ठरवून रद्द केलं. तिथंही सरकारला मनाला येईल तसं वागता येत नाही, असं त्या निकालाचं सार आहे. २०१६ मध्ये पंजाब-हरियाणाच्या प्रकरणात कोर्टानं म्हटलं की विधि अधिकाऱ्यांची निवड पारदर्शक आणि गुणवत्तेवर हवी. माझं म्हणणं साधं आहे. ज्या वकिलाला उद्याची खात्री नाही त्याला साहेबाच्या फोनवर 'नाही' म्हणायला किती बळ लागत असेल? मी तर कायम नोकरीत होते, निवृत्तिवेतनाची हमी होती, तरी मी परिच्छेद ९ लिहिला होता.

काका, जिन्यात मी तुम्हाला म्हटलं की सरकारी वकील तुमच्या विरुद्ध असतो. ते चुकीचं होतं. तो सरकारच्या बाजूनं असतो, आणि सरकारची बाजू म्हणजे पंचांच्या त्या कोऱ्या रेघाही. तो वकील चांगला असेल की नाही हे तुमच्या हातात नाही. त्याच्या हातात कुठले कागद पडतील, हे मात्र थोडं तुमच्या हातात आहे. म्हणून आत्तापासून प्रती काढून ठेवा. नोटीस कोणत्या तारखेला हातात पडली ते तिच्याच पाठीवर लिहा. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या, आवक क्रमांक टाकलेली. मोजणीच्या दिवशी तिथं उभे राहा. संयुक्त मोजणीच्या नकाशाची प्रत मागा. विहीर, झाडं, बांध यांचे फोटो तारखेसकट ठेवा. कोऱ्या कागदावर सही करू नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

सोमवारी मी तुमच्याबरोबर शहापूरला येते. कळव्याहून साडेआठच्या सुमाराला निघू आणि पुढं आसनगावची गाडी धरू. सातबारा आणि फेरफाराच्या प्रती मी कापडी पिशवीत बांधून ठेवल्या आहेत.